कोंडाण्याचा बालक, रायगडचा हिरोजी आणि कर्जतचे नितीन देसाई

आज चित्रपटाच्या कलादिग्दर्शकाबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, आणि त्यासाठी न्हावा शेव्यालाच का यावं, असं काहींच्या मनात आलं असेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते खिडकीबाहेरच उभं आहे.

या क्रेन, कंटेनरच्या रांगा, रस्त्यावरची ट्रेलरची गर्दी, हे सगळं किती जुनं आहे? बंदर सुरू झालं २६ मे १९८९ रोजी. त्याआधी इथे मिठागरं होती, भाताची खाचरं होती, खाडीकाठचा कोळीवाडा होता. जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, पाच माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. जुनं शेवा उठलं आणि 'नवीन शेवा' उभं राहिलं, कोळीवाडा उठून उरणजवळ हनुमान कोळीवाडा झाला. म्हणजे एक अख्खी जागा पाचदहा वर्षांत पुसली जाऊ शकते आणि तिच्या जागी दुसरी येऊ शकते, हे इथल्या माणसाला कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. कलादिग्दर्शकाचा धंदा हाच आहे. जागा उभी करायची आणि काम झालं की ती मोडायची. फरक एवढाच की तिथे मोडणं आधीच ठरलेलं असतं.

तर प्रश्न असा आहे : मोडण्यासाठी बांधणाऱ्या माणसाचं मागे काय उरतं? आणि त्याने एक दिवस ठरवलं की आता मोडायचं नाही, तर काय होतं? आपल्याच रायगड जिल्ह्यात हा दुसरा प्रयोग झाला. तो करणारे नितीन चंद्रकांत देसाई. त्यांच्याकडे येण्यापूर्वी थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे दोन हजार वर्षं.

कर्जतपासून जवळ, राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. कोंढाणा किल्ल्याशी त्यांचा काही संबंध नाही, नाव सारखं आहे इतकंच. तिथल्या चैत्यगृहापाशी एका मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत छोटा लेख आहे. त्याचा अर्थ असा, की हे काम कान्हाचा शिष्य बालक याने केलं. बस्स, एवढंच. लेण्यांमध्ये आपल्याला बहुतेक दात्यांची नावं सापडतात. कुणा व्यापाऱ्याने खांब दिला, कुणा भिक्षुणीने पाण्याचं टाकं दिलं. हात ज्याचा लागला त्याचं नाव सहसा नसतं. इथे ते आहे, आणि सोबत गुरूचंही आहे. चित्रपटाच्या शेवटी नावांची पट्टी सरकते ना, तिची ही आपल्या जिल्ह्यातली सर्वांत जुनी ओळ समजा.

त्याच लेण्याची आणखी एक गंमत पाहा. दगडातल्या छताला आणि कमानींना लाकडी घरासारख्या फासळ्या, तुळया, कठडे कोरलेले आहेत. दगडाला फासळीची गरज काय? डोंगर आपला आपण उभा आहे. पण बालकाच्या काळी मोठी वास्तू म्हणजे लाकडाची, म्हणून दगडाने लाकडाचं सोंग घेतलं. घाटावर कार्ल्याला तर दगडी छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या आणि त्या आजही आहेत. एका पदार्थाने दुसऱ्याचं रूप घ्यावं आणि पाहणाऱ्याने ते आनंदाने मानावं, ही विद्या सिनेमाने शोधलेली नाही. सिनेमात दगडाचं सोंग प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस घेतं, म्हणजे सोंगाची दिशा तेवढी उलटली.

आता कलादिग्दर्शक म्हणजे नक्की कोण? पुष्कळांची समजूत अशी, की खुर्च्या-पडदे लावणारा. संहिता हातात आली की पहिला प्रश्न त्याच्यापुढे येतो : हे लोक राहतात कुठे? भिंतीचा रंग कोणता, तो किती वर्षांपूर्वी लावला, स्वयंपाकघरातला धूर कुठवर गेला, दार कोणत्या बाजूला उघडतं. कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शक आणि छायालेखक ठरवतात खरं, पण तो कुठे ठेवता येईल हे भिंती ठरवतात, आणि भिंती याच्या. हॉलिवूडमध्ये १९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड'साठी विल्यम कॅमेरॉन मेन्झिस या माणसाने प्रत्येक दृश्य आधी रंगवून दिलं. त्याचं काम नुसत्या कलादिग्दर्शकापेक्षा मोठं आहे म्हणून निर्माता सेल्झनिकने त्याला 'प्रॉडक्शन डिझायनर' हे नवं पद दिलं. आपल्याकडे शब्द उशिरा आला. माणसं आधी होती.

फाळक्यांपासून होती. दादासाहेब जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लागला तेव्हा पडदे, देखावे, पोशाख, सगळ्यांवर त्यांचीच नजर. त्या काळी देखावा म्हणजे नाटकाचा रंगवलेला पडदा. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा. गुंडाळायचा, बैलगाडीत टाकायचा, पुढच्या गावाला निघायचं.

हा पडदा फाडला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. आडनाव मेस्त्री. हे आडनाव लक्षात ठेवा. ते आणि त्यांचे आतेभाऊ की चुलतभाऊ यावर वेळ घालवत नाही, ते बंधू आनंदराव, दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. कॅमेराही कोल्हापुरातच बनवण्याचा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव त्यातच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाचं पाठबळ दिलं तानीबाई कागलकर या गायिकेने. १९२० साली 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. पडदे रंगवण्यात हयात घालवलेला हा माणूस सपाट पडद्यावर समाधानी राहिला नाही. त्याने खोली असलेले, ज्यात माणूस आत-बाहेर फिरू शकेल असे सेट उभे केले. पडदा ज्याला पूर्ण कळला होता त्यालाच तो पुरत नाही हे कळलं. १९२५ सालचा 'सावकारी पाश' पाहणाऱ्यांनी त्यातलं खेडं आणि ती झोपडी यांचीच आठवण पुढे सांगितली. कर्जाने बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट होती ती. कर्ज हा शब्द आज आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

त्यांच्या हाताखाली साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. तेही मिस्त्रीच. १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना झाली त्या पाच भागीदारांपैकी एक. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. 'संत तुकाराम' १९३६ चा. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. त्यातला एक ध्वनीचा-तंत्राचा माणूस, दुसरा कलादिग्दर्शक. व्हेनिसला तो १९३७ मध्ये गाजला, आणि समीक्षकांनी तुकारामाच्या साधेपणावर लिहिलं. ते देहू पुण्याच्या स्टुडिओत बांधलेलं होतं. मला हा चित्रपट पुन्हापुन्हा पाहावासा वाटतो तो वैकुंठाच्या विमानासाठी नाही. आवलीच्या घरातल्या ओट्यासाठी पाहावासा वाटतो. तिथे गरिबी दाखवलेली नाही, ती तिथे राहते आहे.

मधले काही लोक मी आज भराभर ओलांडणार आहे. म. रा. आचरेकरांवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. 'आवारा'मधलं स्वप्नदृश्य त्यांचं, आणि १९५९ च्या 'कागज के फूल'मधला तो रिकामा, उजेडाच्या झोतातला स्टुडिओही त्यांचाच. बंगालचे बन्सी चंद्रगुप्त यांनी 'अपराजितो'साठी बनारसचं घर स्टुडिओत असं बांधलं की लोकांना ते खरंच काशीतलं वाटलं. मला एवढंच म्हणायचं आहे, की १९८७ साली नितीन देसाई या धंद्यात आले तेव्हा मागे अशी सत्तर वर्षांची वाट होती, आणि तिच्या मराठी टोकाला मेस्त्री, मिस्त्री, पेंटर अशी कारागिरांची नावं होती. पंडितांची नव्हती.

देसाई १९६५ चे, दापोलीचे. मुंबईत जे. जे. आणि रहेजा या कलाशाळांत शिकले, छायाचित्रणाकडे ओढा होता. गोविंद निहलानींच्या 'तमस'वर नितीश रॉय यांच्या हाताखाली काम मिळालं आणि मग त्यांनी मागे पाहिलं नाही. कान्हाचा शिष्य बालक. नितीश रॉय यांनी पुढे हैदराबादची रामोजी फिल्म सिटी आखली, हे इथेच नोंदवून ठेवतो. गुरूने दुसऱ्याच्या पैशावर चित्रनगरी आखली, शिष्याने स्वतःच्या नावावर काढली.

'चाणक्य' मालिकेवरचं काम, मग १९९४ चा '१९४२ : अ लव्ह स्टोरी'. एका डोंगरगावातलं स्वातंत्र्यापूर्वीचं जग त्यांनी उभं केलं आणि हिंदी सिनेमाने हे नाव पाठ केलं. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले : 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास'. ही चार नावं पुन्हा एकदा मनात म्हणा. एकाच माणसाचे हे चार पत्ते आहेत यावर विश्वास बसत नाही. जब्बार पटेलांच्या 'आंबेडकर'मध्ये कोलंबिया विद्यापीठ आहे, लंडन आहे, आणि महाडचं चवदार तळंही आहे. महाड आपल्याच जिल्ह्यातलं. तिथे कलादिग्दर्शकाला कल्पनेचे पंख आवरून ठेवावे लागतात, कारण २० मार्च १९२७ चा दिवस लोकांच्या स्मरणात आहे. चूक केली तर ती कलेची चूक राहत नाही.

'लगान'साठी भुजजवळच्या कुनरिया गावाच्या परिसरात चंपानेर बांधलं. मातीच्या भिंती, कच्छी पद्धतीची गोल घरं, टेकडीवर देऊळ. स्थानिक लोकांचे हात त्या भिंतींना लागले. ज्यांना भुंगा बांधता येतो त्यांच्याकडूनच भुंगा बांधून घ्यायचा, यात मोठी अक्कल आहे. 'देवदास' याच्या नेमकं उलट. पारोच्या घराला रंगीत काचेचे लाखावर तुकडे लागले म्हणतात. चंद्रमुखीची कोठी तर पाण्याभोवती उभी केलेली. डोळे दिपतात. पण मला विचाराल तर त्या घरात कुणी कधी चहा प्यायलं असेल असं वाटत नाही. माझी पसंती चंपानेरला. अर्थात हा दोष काचेचा म्हणावा की दिग्दर्शकाला तसंच हवं होतं म्हणून त्यांचं कौशल्य म्हणावं, यावर वाद घालता येईल. कलादिग्दर्शक दुसऱ्याचं स्वप्न बांधतो. स्वप्न काचेचं असेल तर तो काच आणणार.

याशिवाय २००० साली ज्या मंचावर अमिताभ बच्चन येऊन बसले तो 'कौन बनेगा करोडपती'चा मंच त्यांचा. लालबागच्या राजाचा देखावा कित्येक वर्षं त्यांचा. म्हणजे ज्याने कधी चित्रपटगृहाची पायरी चढली नाही तोही देसाईंनी बांधलेल्या जागेत उभा राहून हात जोडून आलेला आहे. अनंत चतुर्दशीला तो देखावा उतरतो. गणपतीवाल्या मुलुखात वाढलेल्या माणसाला मोडण्याचं दुःख नसतं, तो दरवर्षी मोडतो.

इथे माझ्या विषयातलं थोडं बोलतो, फार छळणार नाही. अद्वैत वेदान्तात सत्तेचे तीन स्तर सांगतात : पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक. दोरीवर भासलेला साप प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक. वर्गात मी हे उदाहरण तीस वर्षं दिलं. सेटकडे पाहिल्यावर त्यात एक अडचण दिसते. दोरी-सापाच्या उदाहरणात ज्याला भास होतो त्याला दोरी माहीत नसते, आणि दोरी कळताच साप जातो. सेटवरच्या नटाला ठाऊक असतं की समोरचा खांब गोणपाट आणि प्लास्टरचा आहे. तरी तो त्या खांबाला टेकून रडतो, आणि अश्रू खरे येतात. प्रेक्षकालाही ठाऊक असतं. ज्ञान झालं तरी साप जात नाही. शंकराचार्यांनी सिनेमा पाहिला असता तर उदाहरण बदललं असतं की नाही, ठाऊक नाही. पण ज्या सुताराने तो खांब ठोकला त्याच्यासाठी खांब कायम व्यावहारिकच होता. इतक्या फुटांचा, इतक्या मजुरीचा.

मजुरीवरून आपण कर्जतला येतो.

२००५ साली देसाईंनी चौक-कर्जत परिसरात सुमारे ५२ एकरांवर एन. डी. स्टुडिओ उभा केला. ऑलिव्हर स्टोन या अमेरिकन दिग्दर्शकाला भारतात स्थळं दाखवत फिरताना आपल्याकडे त्या तोडीचा स्टुडिओ नाही हे खुपलं आणि तिथून ही कल्पना रुजली, असं ते मुलाखतींत सांगत. 'जोधा अकबर'चा आग्र्याचा किल्ला तिथे झाला. चित्रपट २००८ मध्ये आला. त्याच वर्षी 'राजा शिवछत्रपती' ही मालिका सुरू झाली, निर्माते तेच. त्यासाठी कर्जतला रायगड उभा राहिला.

थांबा, ही गोष्ट साधी नाही. रायगड जिल्ह्यात रायगडाची प्रतिकृती! खरा रायगड पन्नाससाठ मैलांवर आहे. मग प्रतिकृती कशाला? कारण खरा रायगड आता जोत्यांपुरता उरला आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफा चालल्या, वाडे जळाले. लाकडाचं सगळं गेलं, दगडाचं राहिलं. दरबार कसा होता हे सांगायला बखरी आहेत आणि १६७४ च्या राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन आहे. तो मुंबईहून समुद्रमार्गे चौलला उतरला आणि तिथून गडावर गेला. म्हणजे आपल्याच किनाऱ्याने. सिंहासनाशेजारी भाल्यांवर सोन्याचे मत्स्य, घोड्याच्या शेपट्या, सोन्याचा तराजू पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलं. गडाच्या दारात उभे असलेले हत्ती एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. कलादिग्दर्शकाच्या हातात एवढंच असतं : जोत्याची मापं आणि एका परदेशी माणसाच्या डायरीतल्या काही ओळी. त्यातून भिंत, छत, रंग, उजेड काढायचा. इतिहासाचा प्राध्यापक 'पुरावा अपुरा' म्हणून तळटीप टाकून मोकळा होतो. याला सोमवारी सकाळी सात वाजता दरवाजा लावून द्यायचा असतो. शिवाय लाखो मुलांच्या मनात रायगडचा दरबार म्हणजे हाच, असं कायमचं बसणार असतं. ती जबाबदारी तळटिपेपेक्षा मोठी आहे, आणि तिच्याबद्दल आपण इतिहासवाले पुरेसं बोलत नाही.

खरा रायगड बांधणारा हिरोजी इंदुलकर. जगदीश्वराच्या मंदिरापाशी त्याने शिलालेख कोरवला, त्यात गडावर काय काय बांधलं त्याची यादी आहे आणि हे सारं चंद्रसूर्य असेतो नांदो अशी इच्छा आहे. वाडे दीडशे वर्षांत गेले. पण मंदिराच्या पायरीवर एक छोटी ओळ आहे, सेवेत तत्पर असणाऱ्या हिरोजीची. दर्शनाला जाणाऱ्याचा पाय तिथे पडावा अशी त्याची इच्छा होती म्हणतात. चिरंतन होण्याची ज्याच्याबद्दल इच्छा होती ते जळालं, पायाखाली दिलेलं नाव उरलं.

देसाईंना हे आकर्षण होतं, टिकण्याचं. ते नंतर कोणत्या विषयांकडे वळले पाहा. २०११ मध्ये त्यांनी 'बालगंधर्व'ची निर्मिती केली. रंगमंचावर खरा मखमली थाट हवा, खरं अत्तर हवं, म्हणून कर्जात गेलेला कलावंत. पुढच्या वर्षी 'अजिंठा' दिग्दर्शित केला, रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याच्या कथेवर. गिलने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. मग जे. जे.चे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत सापडल्या. गुहेतलं मूळ मात्र, झिजलेलं का होईना, जागेवर आहे. मी यातून मानसशास्त्र काढत नाही. पण विषय निवडताना माणूस थोडा स्वतःबद्दल बोलतोच. आणि हो, मे २०२१ मध्ये कर्जतच्या स्टुडिओलाही आग लागली, 'जोधा अकबर'चा सेट जळाला.

आता हिशोबाचं बोलू, कारण त्यावाचून ही कथा भाबडी होते. २५ जुलै २०२३ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने देसाईंच्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करायला मान्यता दिली. थकबाकीचा आकडा सुमारे २५२ कोटी. २ ऑगस्टला त्यांनी स्टुडिओतच आपलं आयुष्य संपवलं. वय ५७. अशा मृत्यूमागे एकच कारण असतं असं म्हणणं चुकीचं आहे, आणि ज्याला आपण आतून ओळखत नव्हतो त्याच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला नाही. त्यानंतर वर्तमानपत्रांत बरंच काही छापून आलं. कुणी लिहिलं, कलावंताला व्यवहार कळत नाही. हे मात्र मला मान्य नाही. ज्याने इतकी वर्षं शेकडो सुतार, रंगारी, मोल्डर यांची मजुरी ठरवून वेळेत सेट दिले त्याला व्यवहार कळत नव्हता म्हणता?

मुद्दा वेगळा आहे. सेटचा हिशोब आणि स्टुडिओचा हिशोब या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सेटचा खर्च त्या चित्रपटाच्या नावावर पडतो. निर्माता देतो, चित्रीकरण संपतं, सेट उतरतो, वही मिटते. प्लास्टर ऑफ पॅरिसला एकच पावसाळा बघायचा असतो, बहुधा तोही नाही. तोच सेट तुम्ही ठेवायचा ठरवला की तो मालमत्ता होतो. त्याखालची जमीन तुमची, तिच्यावरचं कर्ज तुमचं, व्याज रविवारीही चालतं. भाडं मात्र चित्रीकरण असेल त्याच दिवशी येतं. त्यात कर्जतचा पाऊस! चार महिने धो धो कोसळणाऱ्या पावसात जिप्समच्या भिंती उघड्यावर ठेवून बघा. दरवर्षी डागडुजी, दरवर्षी रंग. पर्यटकांची तिकिटं लावली तरी तो आधार. मग २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, आणि चित्रीकरणाची पद्धतही बदलू लागली. हिरव्या पडद्यापुढे नट उभा करून किल्ला संगणकावर काढता येतो म्हटल्यावर चुनागच्चीचा किल्ला भाड्याने कोण घेणार? थोडे घेतात, सगळे नाही. गंमत अशी की शंभर वर्षांनी आपण पुन्हा पडद्याकडे आलो. बाबूरावांनी फाडलेला तोच, फक्त आता हिरवा.

आणि हे एकट्या देसाईंचं झालं नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. प्रभात बंद पडली, तिच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था आली म्हणून ती वास्तू वाचली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा १९४८ च्या दंगलीत जाळला गेला. त्यांनी कर्ज काढून पुन्हा बांधला आणि अखेर हातचा गेला. चेंबूरचा आर. के. १९४८ चा, सप्टेंबर २०१७ मध्ये आगीत होरपळला आणि २०१९ मध्ये घरबांधणी करणाऱ्या कंपनीला विकला गेला. एका क्षणाला स्टुडिओच्या आत जे घडतं त्यापेक्षा स्टुडिओच्या खालची जमीन महाग होते. तो क्षण आला की सुटका नसते. जमिनीचं असं अचानक महाग होणं म्हणजे काय, हे उरण-पनवेलकरांना मी सांगायला नको. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, शिवडीहून २१.८ किलोमीटर. कर्जत त्यामुळे मुंबईला किती जवळ आलं ते जमिनीच्या दलालांना विचारा. पुढे कर्जतचा स्टुडिओ राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाकडे आला, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

बरं, पण महामंडळाने तिथे जपायचं काय? इथे माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. प्लास्टरचा किल्ला जपू नका. तो जपण्यासाठी नव्हता. जपायची असतात ती रेखाचित्रं, लाकडी नमुने, मापांच्या वह्या, रंगाच्या मिश्रणाच्या चिठ्ठ्या, संदर्भासाठी काढलेले फोटो. चंपानेरच्या घराची भिंत नेमकी किती जाड घेतली आणि का, हे कागदावर असेल तर पन्नास वर्षांनी कुणी विद्यार्थी त्यातून शिकेल. भिंत उभी असेल तर तो फक्त सेल्फी काढेल. आपल्याकडे या कागदांना घर नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये बाबूराव पेंटरांच्या कामात होते. लेकीला 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. २०१२ मध्ये त्यांनी ते अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. इथे ते सुरक्षित राहील याची त्यांना खात्री वाटली नाही. पुतळ्याची ही कथा, तर ट्रेसिंग पेपरची काय असेल!

आणि नावं जपायची. सुतारांची, मोल्डरची, गोणपाटावर दगडाचा रंग चढवणाऱ्यांची. कर्जत, खालापूर या भागांतल्या कितीतरी घरांतली माणसं त्या स्टुडिओत कामाला होती. त्यांच्यातले काही आज साठीला आले असतील. आग्र्याचा लाल दगड त्यांनी कोणत्या तीन रंगांतून काढला हे त्यांना अजून सांगता येतं, विचारणारा हवा. टेप घेऊन बसलं पाहिजे त्यांच्यासमोर, आणि हे काम विद्यापीठाची वाट न बघता इथल्या महाविद्यालयातली मुलंही करू शकतात. प्रश्न साधे विचारा : काय बांधलं, कशाचं, किती दिवसांत, कुणाकडून शिकलात.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्यायला विसरू नका. बालकाने कान्हाचं नाव घातलं होतं.

इथे थांबतो. मागे काही मंडळी हात वर करून बसली आहेत, त्यांचे प्रश्न घेऊ.